बेसमेंटमधले पंतप्रधान

दीपा वसावे अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आली त्याला अकरा वर्षं झाली होती आणि तेवढ्यात तिने सात घरं बदलली होती. कधी ऑफिस लांब पडतं म्हणून, कधी रूममेटचं लग्न ठरलं म्हणून, आणि दोनदा तर काहीच कारण नसताना. नव्या खोलीत गेली की पहिले काही महिने बरे जायचे. मग एक दिवस कुणीतरी विचारायचं, "भिंतीवर काही लावत का नाहीस?" आणि तिला आतून पळायची ओढ लागायची. डेटा सेंटरमध्ये ती नेटवर्कचं काम बघायची. तिथेही खुर्चीत टिकायची नाही. केबल तपासायच्या निमित्ताने यंत्रांच्या लांबलचक रांगांमधून फिरत राहायची.

सातवं घर राजीव आणि पद्मिनी यांचं होतं. दोघं मूळचे पुण्याचे. टाउनहाउसची वरची एक खोली त्यांनी दीपाला दिली आणि खालचं बेसमेंट एका परदेशी म्हाताऱ्याला. पद्मिनी मनाने चांगली आणि तोंडाने मोकळी. पहिल्याच दिवशी तिने चहा पुढे करत विचारलं, "वसावे म्हणजे कुठले गं तुम्ही?"

"नंदुरबारकडचे."

"हां, म्हणजे खानदेश."

दीपा हो म्हणाली आणि बॅगा उचलायला उठली. इतकं सांगून थांबायची तिला सवय होती. सातपुड्यातला नर्मदेकाठचा भिल्लांचा पाडा, तिथून आश्रमशाळा, तिथून पुण्याचं सरकारी इंजिनियरिंग कॉलेज, हे सगळं ती कुणाला सांगत नसे. कॉलेजात एकदा सांगितलं होतं. त्यानंतर वर्गातली मुलं तिचे मार्क वेगळ्या नजरेने बघायला लागली होती.

बेसमेंटमधल्या म्हाताऱ्याचं नाव ओलेम तारुक. वय साठीच्या पुढे, अंगाने काटक, डोक्यावर बारीक पांढरे केस. तो शाळेची पिवळी बस चालवायचा. सकाळी उजाडायच्या आधी निघायचा, दुपारी परत यायचा, आणि मग खाली त्याच्या येरझाऱ्या सुरू व्हायच्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अठरा पावलं. दीपाने घरून काम करताना ती मोजली होती, कारण तीही त्याच वेळी वर फेऱ्या घालत असायची.

एका शनिवारी स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म किंचाळायला लागला. खिडकीतून धूर येत होता. ओलेमने बेसमेंटच्या मागच्या दारापाशी पत्र्याच्या टबात कोळसे पेटवले होते आणि सालासकट कणसं भाजायला घातली होती.

"तू जरा सांग गं त्यांना," पद्मिनी टॉवेलने अलार्मला वारा घालत म्हणाली. "सोसायटीचं, एचओएचं लेटर आलं ना, यार, तर राजीव माझंच डोकं खाईल."

दीपा खाली गेली. सांगायचं ते इंग्रजीत नम्रपणे सांगितलं. ओलेमने मान हलवली, पण टब काही हलवला नाही. एक कणीस तिच्या हातात दिलं. दीपाने ते सोललं आणि दाणे खायच्या आधी हिरवी सालं उलटी वळून त्यांची मूठ केली. भाजलेलं कणीस धरायची ती तिच्या पाड्यावरची रीत होती. ओलेम तिच्या हाताकडे बघत राहिला.

"तुझी जमात कोणती?" त्याने विचारलं.

अकरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी असा सरळ विचारला नव्हता. यात ना कुतूहल होतं, ना कीव. गावाचं नाव विचारावं तसं विचारलं होतं. "भिल्ल," ती म्हणाली. मराठीत जे सांगायला जीभ अडायची ते इंग्रजीत चटकन बाहेर पडलं. मग ती तासभर तिथेच बसली. वरून पद्मिनीने दोनदा हाक मारली तरी उठली नाही.

ओलेम काइरेन नावाच्या लहानशा डोंगराळ देशाचा होता आणि तोमुक जमातीचा प्रमुख होता. प्रमुखपद वारशाने आलेलं नव्हतं. तो सव्वीस वर्षांचा असताना जंगलाचा एक ठेका मंजूर करून घ्यायला ठेकेदाराचे लोक आले. सतरा गावांचे म्हातारे जमले होते आणि कागद त्यांच्यातल्या कुणालाच वाचता येत नव्हता. ओलेमने तो उभ्याने मोठ्याने वाचून दाखवला. वाचून संपला तेव्हा म्हाताऱ्यांनी ठेका परत पाठवला आणि त्याला आपल्यात बसवलं. पुढे चाळीस दिवस त्याने घाटरस्ता अडवून धरला. तीनदा पार्लमेंटमध्ये निवडून गेला. डोंगरी भागाचा मंत्री झाला, पण त्याच्याच सरकारने एका तोमुक गावात सैन्य घुसवलं तेव्हा राजीनामा दिला. मग तीन वर्षं तुरुंग. सुटल्यावर पायी सरहद्द ओलांडली, आणि फिरत फिरत शेवटी व्हर्जिनियात बसच्या स्टिअरिंगवर येऊन पोचला. त्याचा पक्ष मात्र मागे जिवंत होता. सहा खासदार, बस्स.

त्याला पत्रं लिहायची असायची. वर्तमानपत्रांना, परदेशी संस्थांना, अमेरिकेतल्या खासदारांना. इंग्रजी बोलायला त्याला जमायचं, पण कागदावर शब्द अडायचे. दीपा लिहून द्यायला लागली. दर रविवारी तो बोलायचा, ती टाइप करायची, आणि दोघंही बसत नसत. तो बेसमेंटच्या या टोकाला, ती लॅपटॉप घेऊन काउंटरपाशी उभी. दोन वर्षं असं चाललं. दीपाने घर बदललं नाही, हे तिच्याही उशिराच लक्षात आलं.

मग काइरेनमध्ये निवडणूक झाली आणि दोन मोठ्या पक्षांपैकी कुणालाच बहुमत मिळालं नाही. दोघंही एकमेकांचा पंतप्रधान मानायला तयार नव्हते. तीन आठवडे घोळ चालला. शेवटी दोघांनाही ज्याची भीती वाटत नाही असा माणूस शोधायचं ठरलं. ओलेमला फोन आला तेव्हा तो बसची झाडलोट करत होता.

गुरुवारी त्याने डेपोत किल्ल्या परत दिल्या. शनिवारी विमान होतं. शुक्रवारी दुपारी दोघांनी भाषण लिहिलं. बरंच खोडलं, परत लिहिलं. एक वाक्य दीपाने स्वतःहून घातलं: "ज्याचं घर आहे त्याच्या होकाराशिवाय या देशात एकही चूल हलवली जाणार नाही." ओलेमने ते दोनदा वाचलं.

"हे तुझ्या गावाचं आहे," तो म्हणाला.

"हो."

"राहू दे. माझ्याही गावाचं आहे."

दीपाच्या गावाची गोष्ट अशी होती. ती आश्रमशाळेत पाचवीला होती तेव्हा धरणाचं पाणी वर चढत होतं. तिचे वडील गुमान वसावे गावाचे कारभारी. ते अनेक वर्षं नाही म्हणत राहिले आणि मग एक दिवस त्यांनी गाव उठायला तयार असल्याच्या कागदावर सही केली. त्यांच्यामागून बाकीच्यांनी अंगठे उठवले. तळोद्याजवळ वसाहत झाली. काहींना चांगली जमीन मिळाली, काहींना मुरमाड, काहींना काहीच नाही. तेव्हापासून होळीला गुमानच्या अंगणात ढोल घेऊन कुणी आलं नव्हतं. दीपाने वडिलांना त्याबद्दल कधीही विचारलं नव्हतं. दर आठवड्याला फोन करायची. पाऊस, गुडघे, म्हैस एवढ्यावर बोलणं संपायचं.

ओलेमचा शपथविधी तिने ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मोबाइलवर बघितला. अंगावर जमातीचा लाल काठाचा शेला होता आणि पायात बस चालवताना घालायचे तेच काळे बूट. ते वाक्य आलं तेव्हा सभागृहाच्या मागच्या बाकांवरून लोक उठून उभे राहिले. दीपाही उभी राहिली. समोर बसलेल्या सहकाऱ्याने विचारलं, "एव्हरीथिंग ओके?"

पद्मिनीला तर काय करू नि काय नको झालं. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात ती प्रत्येकीला सांगत सुटली, "आमच्या बेसमेंटमध्ये प्राइम मिनिस्टर राहायचे. दोन वर्षं. रेंट अगदी टायमावर." बेसमेंट तिने पुन्हा भाड्याने दिलं नाही. पाहुणे आले की त्यांना खाली नेऊन दाखवायची.

मार्चमध्ये ओलेमचा निरोप आला. "इथे ये. माझ्या भोवती चाळीस माणसं आहेत आणि खरं लिहिणारं एकही नाही." दीपाने दोनदा बॅग भरली आणि दोनदा उपसली. ग्रीन कार्डाच्या रांगेत तिची दहा वर्षं गेली होती; नोकरी सोडून गेलं की सगळं पाण्यात. ती नाही म्हणाली. नंतर मात्र कुठेच मन लागेना. ऑफिसात फिरायची, घरी फिरायची, रविवारी गाडी काढून उगाच पोटोमॅक नदीच्या काठापर्यंत जाऊन परत यायची. खालून पावलांचा आवाज येत नसे, त्यामुळे तिची स्वतःचीच पावलं तिला मोठी वाटायला लागली.

सरकार येऊन नऊ महिने झाले आणि बातमी आली. तोमुक खोऱ्यातल्या नदीवर धरण होणार. सतरापैकी पाच गावं उठणार. पंतप्रधानांनी मंजुरी दिली होती. बातमीबरोबर फोटो होता: लाकडी टेबलावर कागदांची चळत, रांगेत उभे म्हातारे, आणि एका बाईचा शाईने निळा झालेला अंगठा. खाली लिहिलं होतं की प्रत्येक घराचा होकार घेतलेला आहे, पंतप्रधानांनी वचन दिल्याप्रमाणे.

दीपाचं वाक्य त्यांनी असं वापरलं होतं. ती पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिली. मग त्याच्या ऑफिसला फोन लावला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. असे सहा दिवस. सातव्या दिवशी दुपारी ती जेवायला निघाली असताना त्याचा स्वतःचा फोन आला.

"दीपा, मला माहीत आहे तू काय म्हणणार."

"मग मी नाही म्हणत. तुम्हीच सांगा."

"धरण अडवलं तर दोन मोठ्यांपैकी एक पक्ष पाठिंबा काढणार होता. मी पडलो असतो. माझ्यानंतर जो आला असता त्याने कुणाला विचारलंही नसतं. मी निदान त्यांच्यासाठी जमीन लिहून घेतली. शाळा लिहून घेतली."

"अंगठे कुणी घेतले?"

"जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी."

"कागद मोठ्याने वाचून दाखवला का?"

उत्तर आलं नाही. तो परत जमिनीचे आकडे सांगायला लागला.

"तुम्ही गेला होतात का तिथे?" दीपाचा आवाज चढला. शेजारून जाणारी दोन माणसं वळून बघायला लागली. "नऊ महिन्यांत एकदा तरी?"

"तुला काय कळणार," तो पहिल्यांदाच तिच्यावर रागावला. "तू तिथे काचेच्या इमारतीत बसतेस. सही करणाऱ्याच्या हाताला काय होतं ते तुला काय ठाऊक!"

दीपाने फोन ठेवला. त्या दिवशी ती जेवली नाही आणि कामालाही परत गेली नाही. गाडी घेऊन रस्त्यांवरून नुसती फिरत राहिली. तुला काय ठाऊक, हे शब्द पाठ सोडेनात. खरंच तिला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं त्याला तिने तीस वर्षांत विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. इथे सकाळ, तिकडे संध्याकाळ. तिने वडिलांना फोन लावला. पाऊस झाला, गुडघे झाले.

"आबा," ती भिलीत म्हणाली. त्यांच्या बोलीत वडिलांनाही 'तू'च म्हणतात. "तू तेव्हा सही का केलीस?"

गुमानने खाट ओढून घेतल्याचा आवाज आला.

"पाणी नूराच्या घरापर्यंत आलं होतं," तो म्हणाला. "खालची अकरा घरं गेली होती. साहेब म्हणाला, आता सही केली तर सगळ्यांना जमीन, नाही केली तर कुणालाच नाही. मला वाटलं, पोरं तरी वाचतील."

"मग तू चुकलास असं वाटतं तुला?"

"सहीचं मला आजही कळत नाही. चुकली असेल, नसेल." तो खोकला. "पण इथे आल्यावर ज्यांना जमीन मिळाली नाही, त्यांच्या दारात मी गेलो नाही. ते चुकलं. तोंड दाखवायची लाज वाटली. एक वर्ष गेलो नाही, मग दुसरं गेलं. मग ते लोकही यायचे थांबले. मला वाटायचं ते मला टाकून बसलेत. पहिलं दार मीच लावलं होतं."

"ठेवते," एवढंच दीपा म्हणाली.

त्याच सकाळी तिने ओलेमला पत्र लिहिलं. दोन वर्षांत तिने त्याच्या नावाने शेकडो पत्रं लिहिली होती, स्वतःच्या नावाने हे पहिलं. कुठेही आरोप केला नाही. वडिलांचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं आणि शेवटी लिहिलं: "सही तुमची आहे, ती मला खोडता येणार नाही. पण दारं अजून उघडी आहेत. एक वर्ष जाऊ देऊ नका."

उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी बातम्यांत दिसलं की पंतप्रधान कुणालाही न सांगता तोमुक खोऱ्यात गेले आहेत. शेवटचे दहा मैल पायी. पाचही गावांत, प्रत्येक घरी. कुणी शिव्या दिल्या, कुणी पाणी दिलं. एका म्हातारीने त्याच्या पायाशी आपल्या डोक्यावरची पाटी आपटली. मग त्याने पाचही गावांना एका माळावर बोलावलं आणि तो सगळा कागद उभ्याने मोठ्याने वाचून दाखवला. वाचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी लोकांनी हात वर करून नाही म्हटलं. ओलेमने तिथूनच मंजुरी मागे घेतली. राजधानीत त्याच संध्याकाळी त्या मोठ्या पक्षाने पाठिंबा काढला. तो परत पोचायच्या आत सरकार पडलं. सगळं मिळून जेमतेम दहा महिने.

पद्मिनीला फार वाईट वाटलं. "एवढं मोठं पद! जरा अ‍ॅडजस्ट केलं असतं तर?" ती पोळ्या लाटत म्हणाली. "धरण तर डेव्हलपमेंटसाठीच असतं ना गं."

"आमचं गाव धरणात गेलं," दीपा म्हणाली.

लाटणं थांबलं. दीपाने मग सगळं सांगितलं, या वेळी मराठीत. भिल्ल, पाडा, आश्रमशाळा, अंगठे. जीभ दोन ठिकाणी अडली, पण ती थांबली नाही. पद्मिनी ऐकत राहिली. तव्यावरची पोळी जळली आणि अलार्म वाजला तरी दोघी उठल्या नाहीत. शेवटी पद्मिनीच म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या घरात राहिलीस आणि मी तुला फक्त खानदेश म्हणत राहिले."

ओलेमचा फोन महिन्याभराने आला. आवाज तुटत होता. तो खोऱ्यातच बहिणीच्या घरी राहत होता. नव्या सरकारने धरण रद्द केलं नव्हतं, फक्त पुढे ढकललं होतं. धरणाच्या मंजुरीनंतर काढून घेतलेलं प्रमुखपद लोकांनी त्याला परत दिलं नव्हतं. "म्हाताऱ्यांत बसायला देतात," तो म्हणाला, "पण बोलायला शेवटी देतात. ठीक आहे. आधी ऐकायची सवय करतोय."

"परत येणार का इकडे?"

"नाही. तू कधी जाणार तिकडे?"

दीपा सहा वर्षं भारतात गेली नव्हती. गेलं की परत येण्याआधी पासपोर्टवर व्हिसाचं नवं स्टॅम्पिंग, आणि ते अडकलं की नोकरी जाणार. हे तिने मॅनेजरला, वकिलाला आणि स्वतःला अनेकदा सांगितलं होतं. तरीही तिने तीन आठवड्यांची रजा टाकली.

वसाहतीत पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन निघाली. गुमानने धुतलेला सदरा घातला होता आणि हातात काठी घेतली होती. पहिलं घर नूराचं. नूरा गेला होता, त्याची बायको होती. तिने दोघांना अंगणात उभं ठेवलं आणि तासभर बोलली. कुठल्या वर्षी काय विकलं, कोणतं पोर कुठे मजुरीला गेलं, सगळं. गुमान मान खाली घालून ऐकत राहिला. बोलून संपल्यावर ती आत गेली. परत येते की नाही ते कळेना. दीपाला पळून जावंसं वाटत होतं. बाई तांब्या घेऊन आली.

दोन आठवड्यांत त्यांनी चौदा घरं केली. काहींनी खाट टाकली. दोघांनी दार उघडलं नाही. एकाने बोट दाखवून नुसतं "जा" म्हटलं. दीपाचं स्टॅम्पिंग खरंच रखडलं आणि तीन आठवड्यांचे आठ झाले. परत आली तेव्हा तिचा प्रोजेक्ट दुसऱ्याला दिलेला होता आणि तिला खालच्या टीममध्ये टाकलं होतं. ती त्यावर भांडली, पण घरी येऊन रडली नाही.

अस्वस्थपणा काही गेला नाही. ती अजूनही यंत्रांच्या रांगांमधून फिरते. नवीन घरांच्या जाहिराती बघते आणि बाजूला ठेवते. फक्त शनिवारचा फोन आता लांबतो. वसाहतीत नऊ घरं राहिली आहेत आणि गुमान तिथे एकटाच जातो.

"काल खात्र्याकडे गेलो," परवा तो सांगत होता. "कुत्रं सोडलं त्याने अंगावर."

"मग, आबा?"

"मग काय. काठी होती हातात. मंगळवारी परत जातो, तेव्हा त्याची सून घरी असते. ती कुत्रं बांधून ठेवते."